समतोल, जतन आणि रान : विकासाच्या भाषेची एक चिकित्सा

१

‘विकास आणि पर्यावरण’, ‘विकास आणि वारसा’ या जोड्या उच्चारल्या की पाठोपाठ ‘समतोल’ हा शब्द येतो. शासकीय अहवाल, नियोजनाचे आराखडे, वृत्तपत्रांचे अग्रलेख आणि चर्चासत्रांच्या विषयपत्रिका या सर्वांनी तो इतका सवयीचा करून टाकला आहे, की तो एक रूपक आहे याचेच विस्मरण झाले आहे. विस्मरणात गेलेले रूपक निष्क्रिय मात्र नसते. ते विचाराची चौकट आधीच आखून ठेवते आणि त्या चौकटीबाहेरचे प्रश्न सहसा कोणाला सुचू नयेत अशी व्यवस्था करते. म्हणून अशा रूपकांची चिकित्सा हे केवळ शैलीविचाराचे काम राहत नाही. ते संस्कृतिसमीक्षेचेही काम ठरते.

‘समतोल’ या शब्दामागे तराजू आहे. तराजूची प्रतिमा काही गोष्टी गृहीत धरते. पहिली अशी, की दोन पारड्यांतील वस्तू मुळात एकमेकींपासून वेगळ्या आहेत. दुसरी अशी, की त्या एकाच मापाने मोजता येतात. तिसरी अशी, की तोलणारा हात दोन्ही पारड्यांच्या बाहेर आहे; त्याचे स्वतःचे काहीही कोणत्याही पारड्यात पडलेले नाही. या तिन्ही गृहीतांच्या मुळाशी आणखी एक गृहीत आहे. तोलण्याच्या क्रियेला काळ नसतो. काटा एकदा मध्यावर स्थिर झाला की काम संपले. विकास आणि वारसा यांच्या संबंधातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे रोजची देखभाल, या प्रतिमेत बसतच नाही.

‘समतोल’ या शब्दाच्या सोबतीला आणखी दोन शब्द आहेत. ‘विकास’ हा मूळचा अकर्मक व्यापार. फूल विकसते, त्याला कोणी विकसित करीत नाही. उमलणे आतून होते आणि ते ज्याचे त्याचे असते. आधुनिक मराठीत मात्र विकास ‘केला’ जातो, तो ‘राबविला’ जातो आणि भूखंडावर इमारती उभारणारा ‘विकासक’ होतो. कर्ता बाहेरचा झाला, पण शब्दातील उमलण्याची नैसर्गिकता तशीच राहिली. त्यामुळे बाहेरून लादलेला बदलही आतून आल्यासारखा भासतो. दुसरा शब्द ‘शाश्वत’. १९८७ मध्ये ब्रुंटलांड आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यातील कल्पना जगभर प्रसृत झाली. मराठीत तिच्यासाठी ‘शाश्वत विकास’ हा पर्याय रूढ झाला. मूळ इंग्रजी संज्ञेत धरून ठेवणे, चालू ठेवणे, टिकवणे अशा क्रियेचा अर्थ आहे. तेथे कोणीतरी काहीतरी करीत राहणे अपेक्षित आहे. ‘शाश्वत’ हे मात्र आपल्या परंपरेत आत्म्याचे, ब्रह्माचे विशेषण आहे. जे शाश्वत आहे त्याला कोणाच्याही श्रमाची गरज नसते. म्हणजे अनुवादात एका कर्तव्याचे रूपांतर एका गुणधर्मात झाले. जे करीत राहावयाचे होते ते आता असून चालते.

मराठवाड्याच्या संदर्भात या शब्दकोशाला आणखी एक पदर आहे. येथे ‘असमतोल’ हा शब्द पर्यावरणाच्या आधी राजकारणातून आला. निझामी राजवटीतून १९४८ मध्ये मुक्त झालेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग म्हणून उभा राहिलेला हा प्रदेश आपल्या मागासलेपणाचा हिशेब मागत राहिला. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलाविषयीचा अहवाल दिला आणि ‘अनुशेष’ हा शब्द मराठवाड्याच्या राजकीय भाषेचा कणा झाला. ज्या प्रदेशाने समतोलाची मागणी केली ती विकास मिळावा म्हणून. त्याच प्रदेशाला पुढे समतोलाचा उपदेश ऐकावा लागला तो विकास आवरावा म्हणून. एकच शब्द दोन उलट मागण्यांसाठी वापरला जातो, तेव्हा त्या शब्दाने प्रश्न सुटत नाही, झाकला जातो. अनुशेषाची तक्रार न्याय्य आहे आणि नद्या, लेणी व नहरी यांच्या ऱ्हासाची तक्रारही न्याय्य आहे. या दोहोंना एकत्र विचारात घेणारी भाषा कोणती, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) आणि त्याचा परिसर ही येथे वाचावयाची संहिता आहे, ना. धों. महानोर यांची कविता ही त्या संहितेवरील सर्वांत समर्थ टीका म्हणून समोर ठेवली आहे.

२

या शहराची अनेक नावे आहेत: मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेली खडकी, त्याच्या मुलाच्या काळातील फतेहनगर, १६५३ नंतरचे औरंगाबाद आणि २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर. नावांच्या या इतिहासावर पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. परंतु नावे बदलत असताना शहराला शहर म्हणून जगविणारी जी गोष्ट सर्व नावांखाली वाहत होती, तिच्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. ती गोष्ट म्हणजे नहर.

सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मलिक अंबरने उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याचे भूजल जमिनीखालच्या मार्गाने शहरात आणले. ही नहर-ए-अंबरी. पाण्याला उतार होता, म्हणून ते आपल्या वजनाने वाहत आले. मार्गात ठिकठिकाणी उभे केलेले मनोरे पाण्याचा दाब आणि कोंडलेली हवा यांचे नियमन करीत. मध्ये ठेवलेल्या तोंडांतून माणूस आत उतरून गाळ काढू शके. पुढील शतकात याच पद्धतीच्या आणखी नहरी झाल्या. त्यांपैकी एकीचे पाणी बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी पोहोचते, उंचीवरून पडते आणि जाते फिरविते. या पाणचक्कीत फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी आणि सैन्यासाठी धान्य दळले जाई.

पाणचक्कीपाशी उभे राहून ‘विकास की वारसा’ असा प्रश्न विचारला तर तो निरर्थक ठरतो. ज्या काळात ती बांधली गेली त्या काळात ती विकासाचेच काम होती: पाणी, यंत्र आणि अन्न यांची एक कार्यक्षम सांगड. तिच्यात धर्मकार्य होते, उपयुक्तता होती आणि सौंदर्यही होते. हे तीन विभाग तेव्हा वेगळे काढले गेले नव्हते. तिचा वारसा झाला तो तिचा उपयोग संपल्यानंतर. याचा अर्थ असा, की आज ‘वारसा’ म्हणून ज्याच्याकडे पाहिले जाते तो पुष्कळदा कालच्या विकासाचा सेवानिवृत्त अवशेष असतो. तराजूच्या दोन पारड्यांत वस्तुतः एकच गोष्ट आपल्या दोन वयांत ठेवलेली असते.

नहरी बंद पडल्या त्या एका दिवसात नव्हे आणि कोणा एका शत्रूमुळेही नव्हे. शहर वाढले, नहरींच्या मार्गावर बांधकामे झाली, रस्ते, पाया आणि विंधनविहिरी यांनी त्या ठिकठिकाणी फुटल्या, बुजल्या. परंतु या सर्वांच्या आधी एक गोष्ट घडली होती. नळाचे पाणी आल्यावर नहर ही शहराची गरज राहिली नाही, आणि जिची गरज नाही तिच्यात उतरून गाळ काढणाऱ्या माणसाची जागाही कोणाच्या हिशेबात राहिली नाही. वस्तू पडण्यापूर्वी तिच्याभोवतीचे श्रम पडले. शिलालेख, कमान, तट यांचे फोटो काढता येतात. दर काही वर्षांनी होणाऱ्या गाळउपशाचा फोटो कोणाच्या संग्रहात नसतो.

आता शहराचे पाणी पैठणहून येते. गोदावरीवरील जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. शंभरावर गावांना या जलाशयाची झळ पोहोचली. त्याबरोबरच गोदाकाठच्या कोरडवाहू शेतीला कालव्याचे पाणीही मिळाले. चिकलठाणा आणि वाळूज येथील औद्योगिक वसाहती, आणि अलीकडे शेंद्रा-बिडकीन येथे सुमारे दहा हजार एकरांवर आकार घेत असलेले औद्योगिक नगर, यांची कल्पनाही या पाण्यावाचून करता येत नाही. रोजगारासाठी मुंबई-पुण्याकडे जाणारी मराठवाड्यातील एक पिढी या वसाहतींमुळे आपल्या प्रदेशात राहू शकली. ही गोष्ट वारशाच्या प्रेमापोटी विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तथापि दोन व्यवस्थांतील फरक नोंदवावयास हवा. नहरीचे पाणी डोंगरातून उतारावर येत असे. जायकवाडीचे पाणी सुमारे पन्नास किलोमीटरवरून, चढावर, विजेच्या जोरावर उपसून आणावे लागते. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती. त्या लोकसंख्येला नहरींनी पाणी पुरविले असते असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न पुरवठ्याच्या आकड्याचा नाही, नात्याचा आहे. नहर ज्या डोंगरातून येई त्याची झाडी आणि त्याची माती यांच्याशी शहराचा स्वार्थ जोडलेला होता. धरणाच्या पाण्याने शहराला त्याच्या स्वतःच्या डोंगरापासून मोकळे केले. मोकळे झालेले शहर डोंगराकडे केवळ दृश्य म्हणून पाहू लागले आणि त्याच शहरातील अनेक वसाहती नळाला काही दिवसांआड येणाऱ्या पाण्याची वाट पाहू लागल्या.

याच जलाशयाला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, हेही अर्थपूर्ण आहे. जे काल विकासाचे काम होते ते दहा वर्षांत पर्यावरणाचे ठिकाण झाले. विकास आणि निसर्ग या स्थिर कोटी नाहीत. त्या काळात एकमेकींत मिसळत जातात. तराजूला हे कळत नाही, कारण तराजूला काळ नसतो.

३

शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर वाघोरा नदीच्या वळणात अजिंठ्याची लेणी आहेत. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांचा ‘शोध’ लावला असे सांगितले जाते. परिसरातील माणसांना ती ठाऊक होती. तेव्हा हा शोध वस्तूचा नव्हे, तर पाहण्याच्या एका नव्या पद्धतीचा होता. याची तुलना तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’शी करता येईल. चक्रधरस्वामींच्या वेरूळ परिसरातील लीळांमध्ये लेणी ही पाहण्याची वस्तू म्हणून नव्हे, वावरण्याची जागा म्हणून येतात. रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात दाखवून दिले आहे, की भूदृश्य ही पाहणाऱ्याची कल्पना असते. त्या भूमीवर राबणाऱ्याला ती तशी दिसत नाही. अजिंठ्याच्या बाबतीत १८१९ हे वर्ष अशा पाहणाऱ्याच्या आगमनाचे वर्ष आहे.

पाहणारा आला आणि त्याच्याबरोबर जपणाराही आला. जपण्याचा हा इतिहास सरळ नाही. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने गुलाम याझदानी यांच्या काळात इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. १९२० ते १९२२ या काळात चेकोनी आणि ऑर्सिनी यांनी सुटत चाललेला रंगलेप भिंतीला पुन्हा घट्ट बसविला. पुष्कळ चित्रे त्यामुळेच वाचली. परंतु संरक्षक म्हणून दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा-तपकिरी पडला, त्यावर धूळ व काजळी बसली, आणि नंतरच्या रसायनतज्ज्ञांची अनेक वर्षे तो लेप उतरविण्यात गेली. ज्या हेतूने काळजी घेतली गेली तो हेतू निर्दोष होता. काळजीचा परिणाम निर्दोष नव्हता. येथून एक तत्त्व हाती येते. जपणे ही एकदा करून संपणारी कृती नाही. प्रत्येक पिढीच्या जपण्याची पुढच्या पिढीला दुरुस्ती करावी लागते.

१९८३ मध्ये अजिंठा आणि वेरूळ या दोन्ही ठिकाणांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. १९९२ पासून जपानच्या आर्थिक साहाय्याने अजिंठा-वेरूळ संवर्धन व पर्यटनविकासाचा प्रकल्प सुरू झाला. २००३ मध्ये त्याचा दुसरा टप्पा आला. या प्रकल्पाच्या नावातच दोन पारडी आहेत. त्यात लेण्यांची डागडुजी आणि वृक्षलागवड होती. रस्ते, विमानतळ आणि पाणीपुरवठाही होता. धूर लेण्यांपर्यंत पोहोचू नये म्हणून पर्यटकांची वाहने फर्दापूरच्या तिठ्यावरच थांबविण्यात आली आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर अंतर ठरावीक बसने जाण्याची सोय झाली. चित्रांच्या खोल्यांत एका वेळी मोजक्याच माणसांना प्रवेश दिला जाऊ लागला, कारण माणसाच्या श्वासातील ओलही चित्राला बाधते. हे निर्णय विवेकाचे होते. त्यांच्यामागे एक समजही होती: पर्यटक हाच लेण्यांचा आधार आहे आणि पर्यटक हाच त्यांचा धोका आहे. जी व्यक्ती दोन्ही पारड्यांत एकाच वेळी उभी आहे तिला तोलणार कसे?

अभ्यागत केंद्रात काही प्रमुख लेण्यांच्या प्रतिकृती उभारण्याची कल्पना हा या पेचावर काढलेला एक तोडगा होता. मूळ लेण्यावरील गर्दीचा भार प्रतिकृतीने उचलावा, अशी अपेक्षा. वाल्टर बेन्यामिन यांनी १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे तेजोवलय लोपते असे म्हटले होते. अजिंठ्याच्या बाबतीत त्याची उलटी बाजू दिसते. प्रतिकृती जितक्या वाढतात तितके मूळ स्थळाचे वलय वाढते आणि गर्दी तिकडेच ओढली जाते. शिवाय प्रतिकृतीलाही वीज, पाणी, झाडलोट आणि पगारी माणूस लागतो. म्हणजे देखभालीचा प्रश्न सुटला नाही. देखभाल करावयाच्या वस्तूंची संख्या वाढली.

४

याच प्रतिकृतींच्या इतिहासातून महानोरांची ‘अजिंठा’ (१९८४) ही दीर्घकविता उगवते. सोयगाव तालुक्यातील पळसखेड हे महानोरांचे गाव अजिंठ्याच्या डोंगराच्या परिसरातले. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल याची चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. त्याने वर्षानुवर्षे अंधाऱ्या, ओलसर लेण्यांत काम केले. त्याच्या प्रतिकृती इंग्लंडला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळून गेल्या. ज्या मूळ चित्रांचा नाश होईल म्हणून प्रतिकृती केल्या त्या प्रतिकृतीच आधी नष्ट झाल्या आणि मूळ चित्रे जीर्ण का होईनात, राहिली. गिलबरोबर पारो नावाची स्थानिक स्त्री होती. अजिंठा गावातील तिची कबर आणि तिच्यावर कोरलेले १८५६ हे साल, एवढाच तिचा दस्तऐवज.

महानोरांच्या कवितेचे लक्ष या दस्तऐवजाच्या रिकाम्या जागेवर आहे. तिचा विषय लेण्यांचे वैभव नाही; लेण्यांत काम करणारा परका चित्रकार आणि त्या मातीतली स्त्री यांच्या नात्याचा आहे. वारशाच्या अधिकृत कथनात शोधक, चित्रकार, खाते आणि यादी यांना जागा असते, पारोला नसते. कवितेने ही जागा उलटवली. ज्या व्यक्तीमुळे परका माणूस त्या भूमीशी बांधला गेला तिलाच तिने मध्यभागी आणले. ही कविता भावविवश आहे, इतिहासापेक्षा दंतकथेला ती अधिक जवळची आहे, असा आक्षेप घेता येईल, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. गिल हा कंपनीचा नोकर होता, त्या नात्यात सत्तेची विषमता होती, याचा ताण कवितेत पुरेसा उतरलेला नाही. परंतु एका गोष्टीत ती अहवालांच्या पुढे आहे. वारसा म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूभोवतीची माणसे आणि त्यांची गुंतवणूक होय, हे ती गृहीत धरते.

‘अजिंठा’ समजून घेण्यासाठी ‘रानातल्या कविता’ (१९६७) या पहिल्या संग्रहाकडे परत जावे लागते. महानोरांना निसर्गकवी म्हणण्याची समीक्षेला सवय लागली. ही सवय तपासण्यासारखी आहे, कारण साहित्यसमीक्षेतील ‘निसर्गकविता’ हा वर्ग आणि पुरातत्त्वातील ‘स्मारक’ हा वर्ग एकाच जातीचे आहेत. दोन्ही आपला विषय वापरातून काढून दर्शनात ठेवतात. मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या बोलीत ‘रान’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. रान म्हणजे जंगल आणि रान म्हणजे शेत. ‘रानात जातो’ म्हणजे कामाला जातो. रान नांगरले जाते, रान भिजते, रानात पीक उभे राहते. इंग्रजीतून आलेल्या आधुनिक विचारात वन्य आणि कृष्य हे दोन विरुद्ध प्रांत आहेत. पर्यावरण एकीकडे आणि अर्थव्यवस्था दुसरीकडे. ‘रान’ हा शब्द ही फाळणी मान्य करीत नाही. त्याच्यात पाखरू आणि पेरणी एकाच ठिकाणी असतात.

महानोरांच्या कवितेतील इंद्रियसंवेद्य समृद्धी या शब्दाच्या दुहेरी अर्थातून आलेली आहे. त्यांच्या कवितेत पाऊस हा देखावा नाही; त्याच्यावर वर्षाचे अन्न अवलंबून आहे, म्हणून तो सुंदर आहे. सौंदर्य आणि गरज यांच्यात येथे फट नाही. विधान परिषदेवर नियुक्त झालेला हा कवी तेथे शेती आणि पाणी यांविषयी बोलत राहिला, फळबागा आणि जलसंधारण यांचा आग्रह धरीत राहिला. या कार्याला चरित्रातील एक वेगळे प्रकरण मानण्याची प्रथा आहे. वस्तुतः ते कवितेच्याच जाणिवेचे दुसरे रूप होते. २०२३ मध्ये महानोरांचे निधन झाले तेव्हा ‘रानकवी’ हा शब्द पुष्कळ वापरला गेला. त्या शब्दातील ‘रान’ बहुधा जंगल या अर्थाने घेतले गेले. शेत हा अर्थ मागे राहिला.

पाश्चात्त्य समीक्षेत लॉरेन्स ब्यूएल यांच्या ‘द एन्व्हायरन्मेंटल इमॅजिनेशन’ (१९९५) सारख्या ग्रंथांपासून पर्यावरणवादी समीक्षेची जी परंपरा सुरू झाली तिचा आरंभीचा भर मनुष्यविरहित वन्यतेवर होता. ती चौकट मराठीत जशीच्या तशी आणल्यास महानोरांसारखा कवी एकतर अपुरा वाटेल किंवा चुकीच्या कारणासाठी थोर वाटेल. येथील कवितेला येथील शब्दाच्या मापाने मोजावयास हवे.

५

या ठिकाणी एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. नहर, पाणवठा, गाव, रान यांच्या जुन्या व्यवस्थेचे गुणगान करताना ती व्यवस्था कोणाची होती, हा प्रश्न विचारावा लागतो. १९९७ मध्ये अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी संपादित केलेल्या ‘डाइंग विज्डम’ या ग्रंथाने भारतातील पारंपरिक जलव्यवस्थांचे महत्त्व प्रस्थापित केले. त्या ग्रंथाचे मोल मोठे आहे. परंतु महाराष्ट्रात पाण्याच्या वारशाचा विचार १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याला वळसा घालून करता येत नाही. ज्यांना तळ्याचे पाणी नाकारले गेले त्यांच्या दृष्टीने पाणवठ्याचा वारसा हा अपमानाचाही वारसा आहे. दलित आत्मकथनांत विहीर वारंवार येते ती अडवलेले पाणी म्हणून. त्यांच्या दृष्टीने सार्वजनिक नळ हे स्वातंत्र्य होते. जुन्या व्यवस्थेचा अंत ही सर्वांचीच हानी होती असे म्हणणे म्हणजे एका वर्गाच्या स्मरणाला सर्वांचे स्मरण मानणे होय.

या शहरात हा आक्षेप बाहेरून आलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला ‘मिलिंद’ हे नाव दिले गेले आणि परिसर ‘नागसेनवन’ झाला. मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादाची आठवण या दोन नावांत आहे. ज्या डोंगरांच्या पायथ्याशी हा परिसर आहे त्यांत बौद्ध लेणी आहेत. परंतु त्या लेण्यांचा वारसा आंबेडकरांच्या अनुयायांना जन्माने, अखंड परंपरेने मिळालेला नव्हता. तो त्यांनी निवडला, अभ्यासाने आणि श्रमाने आपलासा केला. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने याच शहरातून दलित साहित्याला जे व्यासपीठ दिले तेही या निवडीचेच वाङ्मयीन रूप होते.

‘वारसा’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द वारसाहक्काची भाषा बोलतो. वारस जन्माने ठरतो. नागसेनवनाचे उदाहरण या शब्दाला दुरुस्त करते. वारसा हक्काने मिळत नाही. जो त्याची जबाबदारी उचलतो त्याचा तो होतो. याच कारणाने दलित साहित्याचा आक्षेप वारशाच्या विचाराला मोडून काढीत नाही, त्याला नैतिक पाया देतो. एखादी गोष्ट जुनी आहे म्हणून जपावी, हे कारण पुरेसे नाही. ती कोणाला वगळून उभी होती हे सांगून, आणि त्या वगळण्याची पुनरावृत्ती होणार नाही अशा रीतीने ती जपावी, एवढे म्हणावे लागते.

६

मराठीत ‘जतन’ हा एक साधा शब्द आहे. तो संस्कृत ‘यत्न’ या शब्दापासून आला आहे. ज्याला शासकीय भाषा ‘संवर्धन’ म्हणते त्याला बोली ‘यत्न’ म्हणते. ‘संवर्धना’त वाढ आहे, ‘शाश्वता’त नित्यता आहे, ‘समतोला’त स्थिरता आहे. ‘जतन’ या शब्दात केवळ श्रम आहेत, आणि ते चालू असेपर्यंतच त्याला अर्थ आहे. पुस्तक, बी-बियाणे, पैसा, शब्द, नाते या सर्वांसाठी मराठी माणूस हा एकच शब्द वापरतो. त्यांपैकी कोणतीही वस्तू एकदा जतन करून मोकळे होता येत नाही, हे त्याला ठाऊक असते.

तराजूऐवजी हा शब्द केंद्रस्थानी ठेवला तर प्रश्नाचे स्वरूप बदलते. किती विकास आणि किती वारसा, असे विचारण्याऐवजी प्रत्येक योजनेला, ती उद्योगाची असो की लेण्यांची, तीन प्रश्न विचारता येतात. हिची देखभाल कोण करणार? त्याला त्याचा मोबदला आणि मान मिळणार काय? आणि हिच्या लाभातून कोण वगळला गेला आहे? शेंद्रा-बिडकीनच्या नगराला हे प्रश्न लागू आहेत, जायकवाडीला लागू आहेत, पाणचक्कीला आणि अजिंठ्याच्या प्रतिकृतींनाही लागू आहेत. नहरीत उतरून गाळ काढणारा माणूस, लेण्यातील लेप कणाकणाने उतरविणारा रसायनतज्ज्ञ, दुष्काळात रान राखणारा शेतकरी आणि जलवाहिनीची गळती शोधणारा महापालिकेचा कामगार हे एकाच यादीतील लोक आहेत. समतोलाच्या भाषेत यांपैकी कोणालाही नाव नाही.

समीक्षेच्या दृष्टीनेही यातून एक निकष मिळतो. मराठवाड्याविषयीच्या साहित्यकृतींत डोंगर, नदी, तट, दरवाजे येतात तेव्हा ते वर्णनाचा भाग म्हणून येतात की श्रमाचा भाग म्हणून, हे पाहावे. जेथे केवळ वर्णन आहे तेथे लेखक पर्यटक आहे, मग तो त्याच गावात जन्मलेला का असेना. जेथे श्रम आहेत तेथे परका गिलही त्या भूमीचा काही अंशी होतो. महानोरांच्या कवितेचे मोठेपण या निकषावर ठरते आणि तिच्या मर्यादाही याच निकषावर दिसतात: रानातील श्रमाचे जे भान ‘रानातल्या कविता’त आहे ते ‘अजिंठा’त प्रणयाच्या सुरामागे काहीसे दडते.

शहराच्या भूमिगत नहरींपैकी ज्या काही भागांत आजही पाणी आहे, त्यांचे नकाशे करणे आणि त्यांच्या मार्गावरील बांधकामे रोखणे हे काम पुरातत्त्वज्ञांचे, अभियंत्यांचे आणि महापालिकेचे आहे. भाषेच्या अभ्यासकांचे काम त्याहून लहान, पण त्याच्या आधीचे आहे. ज्या शब्दांत हे काम मांडले जाईल ते शब्द त्यातील श्रम लपविणारे नसावेत, एवढे त्यांनी पाहावे.